ह्यांच्या जागी आलेले गृहस्थ

जे. पी. नगर, बंगळूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. ऋचा,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहीत बसत नाही, मनगट दुखतं.

मावशी फोन उचलत नाही म्हणून तू अजिंक्यकडे तक्रार केलीस म्हणे. त्याने मला जाब विचारला. माझा मुलगा दर रविवारी सर्जापूर रोडहून दीड तास गाडी रेटत येतो तो बहुतेक जाब विचारायलाच. तर कारण सांगते. फोन वाजला की तुझे काका उठतात. बोलणारी बाई घरातच कुठेतरी आहे असं त्यांना वाटतं आणि ते तिला शोधायला लागतात. कपाटं उघडतात, गॅसचा सिलिंडर हलवून बघतात. मागच्या वेळी तुझा आवाज ऐकून त्यांनी वॉशिंग मशीनमध्ये डोकं घातलं होतं. तू विचारलंस, "काका कसे आहेत?" मी म्हटलं, "बरे आहेत." तेव्हा ते मशीनमध्येच होते.

म्हणून आता पत्र. मी वहीच्या पानावर लिहीन आणि फोटो काढून पाठवीन. मध्ये अंगठा आला तर समजून घे. तू टाईप कर, अक्षर मोठं ठेव.

एक अट आहे. काकांची तब्येत हा विषय नको. विसरण्याचा आजार आहे, तीन वर्षं झाली, बरा होणारा नाही, हे सगळं मला पाठ आहे. "स्वतःची काळजी घे" हेही नको. ते म्हणणारे म्हणतात आणि लिफ्टकडे वळतात. तू आपली तिकडचं काहीतरी लिही. शेजारीपाजारी, भाजी, काहीही. इथे सांगण्यासारखं एवढंच, की बत्तीस वर्षं सरकारी कारखान्याच्या टूल रूममध्ये केसाएवढी चूक पकडणारा माणूस आता शर्टाच्या बाहीत पाय घालतो. मी तो काढते. ते परत घालतात. अकरा वाजतात.

गंगव्वा दहा ते पाच असते म्हणून माझी आंघोळ तरी होते. विजापूरकडची आहे. माझं बेळगावी कन्नड तिला आवडतं, अक्का अक्का करते.

तुझी आई असती तर हे तिला लिहिलं असतं. ती नाही म्हणून तुला. वाईट वाटून घेऊ नकोस, खरं ते लिहिलं.

तुझी
शालन मावशी


गॉलवेजवळ, आयर्लंड
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

अट मान्य. वॉशिंग मशीनचं वाचून आधी हसले, मग परत वाचलं.

माझं काय सांगू? दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली दवाखान्यात लागणाऱ्या बारीक नळ्या तपासते, घरी येऊन डोळ्यांवर ओला रुमाल ठेवते. पाऊस रोजचाच. पण शेजारच्या ब्रायडीबद्दल लिहिते, ती तुला आवडेल. वय चौऱ्याऐंशी, एकटी राहते, तोंड तुझ्यासारखंच चालतं.

आमच्या दोघींच्या कुंपणात एक काटेरी झाड आहे, बुटकं, वाकडं, मे महिन्यात पांढरं फुलतं. मी कपडे वाळत घालायला त्याला दोरी बांधली, तर ही बाई घरातल्या सपाता घालून भर पावसात धावत आली. "सोड ती! ते त्यांचं झाड आहे." कुणाचं, ते सांगेना. तू आणि आई तिन्हीसांजेला सापाचं नाव न घेता 'लांबडं' म्हणायचात ना, तसं इथे पऱ्यांचं नाव घेत नाहीत. 'ते लोक' म्हणायचं, नाहीतर 'ती भली मंडळी'. पंखबिंख काही नसतात त्यांना. माणसांसारखीच माणसं, आपापली घरं, गायी, लग्नं, भांडणं. शेतातल्या गोल मातीच्या टेकाडांखाली राहतात आणि फार लवकर रागावतात. संध्याकाळी दाराबाहेर पाणी फेकायचं तर आधी ओरडून सांगायचं, म्हणजे त्यांच्या अंगावर उडणार नाही. मूल गोड आहे म्हटलं की लगेच देवाचं नाव घ्यायचं. पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवायचा. अजिंक्यच्या वेळी तू बाजेखाली अडकित्ता ठेवला होतास असं आई सांगायची, ते मी ब्रायडीला सांगितलं. ती म्हणाली, तुमची माणसं शहाणी दिसतात.

आणि त्यांना एखादं माणूस आवडलं तर ते त्याला घेऊन जातात. नवी बाळंतीण, देखणा मुलगा, हाताने काही सुंदर करणारा कारागीर. जागी आपल्यातलं एखादं थकलेलं म्हातारं ठेवून देतात, अगदी हुबेहूब. घरच्यांना वाटतं आपलंच माणूस आजारी पडलं. चेहरा तोच, पण ओळख देत नाही, चिडचिड करतं, खात सुटतं नाहीतर तोंड मिटून बसतं. शेजारीपाजारी मात्र म्हणायचे, तो नाहीच तो, त्याला नेलंय.

हे ऐकत मी तिच्याकडे दोन तास बसले आणि शिळा केक खाल्ला. आता झोपते.

तुझी
ऋचा


जे. पी. नगर
२ मार्च २०२५

चि. ऋचा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. गंगव्वालाही कन्नडमध्ये सांगितलं. तिला काही नवल वाटलं नाही. भाजी निवडता निवडता म्हणाली, "गाळी, अक्का. नम्म ऊरागू हंगे." म्हणजे वारं, आमच्या गावातही असंच. आपणसुद्धा म्हणतोच की, अंगावरून वारं गेलं. डॉक्टरांनी मला मेंदूचा फोटो उजेडासमोर धरून दाखवला होता, इथे आकसलाय, तिथे आकसलाय. मी मान हलवली. मला त्यात तुझे काका कुठे दिसले नाहीत.

खरं सांगू? तीन वर्षांत इतकं बरं मला कशाने वाटलं नव्हतं. सगळे मला सांगतात, हे तेच आहेत, फक्त आजारी आहेत. मग मला राग येतो. तेच असतील तर सदतीस वर्षं ज्या बाईच्या हातचं जेवले तिला "कोण तुम्ही?" कसं विचारतात? पण ते गेलेत आणि हे दुसरेच कुणी गृहस्थ आहेत म्हटलं, की सगळं जागेवर बसतं. ह्या गृहस्थांनी मला का ओळखावं? पाहुणे आहेत. त्यांना आपल्याकडची रीत ठाऊक नाही, बाहीत पाय घालतात, घालू देत.

परवापासून मी मनातल्या मनात त्यांना पाहुणेच म्हणते. रागाचं प्रमाण स्वल्प कमी झालंय. दुपारी ते खिडकीशी बसले होते आणि मी समोर बसून विचार करत होते, की आमचे हे आत्ता त्या टेकाडाखाली काय करत असतील. बहुतेक कुणाचं तरी कुलूप दुरुस्त करत असतील. हाताने सुंदर काम करणाऱ्याला नेतात असं तूच लिहिलंस.

एक विचार ब्रायडीबाईंना. नेलेलं माणूस परत येतं का? आणायचं कसं? गंमत म्हणून विचारतेय हं.

तुझी
मावशी


गॉलवेजवळ
८ मार्च २०२५

प्रिय मावशी,

ब्रायडीला विचारलं. परत येण्याच्या गोष्टी फारशा नाहीत म्हणाली. सात वर्षांनी कुणी एखादा आपणहून दारात उभा राहतो, एवढंच. मग तिने विषय बदलला आणि गुडघ्यांचं सुरू केलं.

मी तुला करमणूक म्हणून लिहिलं होतं. ब्रायडीचाही त्यावर पूर्ण विश्वास आहे असं नाही. विचारलं तर म्हणते, मी कुठे मानते, पण ते आहेत. तू फार विचार करू नकोस. गंगव्वाला रात्रीही थांबायला सांगता येईल का? अजिंक्यशी मी बोलू? तुझी अट मोडते आहे, रागाव हवं तर.

इथे आज ऊन पडलं, अर्धा तास. सगळी गल्ली बाहेर येऊन उभी होती.

ऋचा


जे. पी. नगर
१३ एप्रिल २०२५

चि. ऋचा,

हे लिहू की नको, चार दिवस ठरत नव्हतं. तुला नाही तर कुणाला लिहिणार.

गंगव्वा युगादीला गावी गेली ती भाचीच्या लग्नासाठी तिथेच राहिली. दहा दिवस मी एकटी. बुधवारी दुपारी पाहुण्यांनी उप्पिटाची बशी भिंतीवर मारली. मी पुसत होते तेवढ्यात दार उघडून त्यांनी वॉचमनला हाक मारली, ही बाई माझ्या घरात शिरली आहे, मला डांबून ठेवलंय. वॉचमन वर आला. मी हात जोडून त्याला परत पाठवलं. समोरच्या दाराची साखळी वाजली, शेजारच्या बाई ऐकत होत्या.

दार लावलं आणि मी त्यांच्या थोबाडीत मारली. चष्मा पडला. मग दंडाला धरून बाल्कनीत नेलं आणि आतून कडी घातली. म्हटलं, "आमच्या ह्यांना परत पाठवा, मग उघडते." मोठ्याने म्हटलं, ऋचा. स्वतःच्या कानांनी ऐकलं.

तू लिहिलं नाहीस, पण गोष्टीत पुढे काय असणार ते मला कळत नाही होय? न बोलावलेला पाहुणा जात नसला तर त्याला राहणं नकोसं करायचं. मग त्याची माणसं त्याला घेऊन जातील आणि आपलं परत देतील. असंच करत असणार तुमच्याकडे. म्हणून ब्रायडीबाईंनी गुडघ्यांचा विषय काढला.

दीड तास. एप्रिलचं ऊन, पायाखाली फरशी. आधी त्यांनी काच वाजवली, मग खाली बसले. मी आत पंख्याखाली बसून वाट बघत होते. कशाची ते विचारू नकोस. कडी काढली तेव्हा ते म्हणाले, "बाई, थोडं पाणी देता का?" तळव्यांना फोड आलेत. अजिंक्यला सांगितलं, गरम पाणी सांडलं.

आता खरं सांग. असंच करतात ना? आणि येतात का परत?

मावशी


गॉलवेजवळ
१३ एप्रिल २०२५

मावशी,

पत्र वाचलं आणि तशीच कामावरून उठून ब्रायडीकडे गेले.

नाही. असं करत नाहीत. उलट आहे सगळं. ब्रायडी शपथेवर सांगते, इथे ठेवलेल्याला आपण जसं वागवू तसंच ते लोक तिकडे आपल्या माणसाला वागवतात. इथे मारलं की तिकडे आपल्या माणसाच्या गालावर वळ उठतो. इथे उन्हात बसवलं की तिकडे उन्हात बसवतात. इथल्याला पोटभर जेवू घातलं तर तिकडे आपल्याला पोटभर मिळतं. म्हणून जुनी शहाणी माणसं पाहुण्याला फुलासारखं जपायची. हा नियम आहे, मावशी, पक्का.

तळव्यांना मलम लाव. आज लाव. आणि मला रोज एक ओळ तरी पाठव.

ऋचा


जे. पी. नगर
२२ जून २०२५

चि. ऋचा,

रोज ओळ पाठवायला जमलं नाही. हात रिकामाच नसतो.

तुझ्या त्या पत्राने माझा हात थांबला, हे कबूल. आधी लिहायला हवं होतंस. त्या दिवशी तिकडे ह्यांचे तळवे भाजले असतील हे मनात आलं आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून रडले. तेव्हापासून मी एकदाही आवाज चढवलेला नाही. पाणी कोपराने बघून मग अंगावर घालते. मे महिन्यात आंबे आणले, साल काढून, बारीक फोडी करून दिले, म्हटलं तिकडेही कुणीतरी देत असेल. तळव्यांना रोज तेल लावते. एखादा घास त्यांनी थुंकला तर दुसरं करते, दुसरा थुंकला तर तिसरं.

गंगव्वाला काढलं. वाईट वाटलं, पण तिने घाईत त्यांचा दंड ओढला आणि मला तिकडे आमच्या ह्यांचा दंड ओढलेला दिसला. ती म्हणाली, "अक्का, तुम्ही मराल." म्हटलं, बरं, मरेन.

अजिंक्य आणि प्रांजलीने त्यांच्या घराजवळ एक जागा बघून ठेवली आहे. अशाच माणसांसाठीची, बाग आहे, शिकलेली माणसं आहेत, डॉक्टर येतो. चांगली असेल. मी नाही म्हटलं. परक्याच्या हातात दिलं आणि कुणी एकदा चिडून खसकन उठवलं तर? मला कळणारही नाही, आणि तिकडे ह्यांना भोगावं लागेल. हे अजिंक्यला सांगता येत नाही. तो चिडला, "आई, तू कुणासाठी हे करतेस? बाबांना तर कळतही नाही." त्याला काय सांगू?

नऊ किलो वजन उतरलंय. ब्लाऊजला पिन लावते. जिन्यावर गुडघा दुमडतो. हे अक्षर बघ, ओळ खाली चाललीये, पण सरळ करायचा कंटाळा येतो. दमले आहे ग. फक्त आता त्या दमण्याचा कुणाला तरी उपयोग आहे असं वाटतं, म्हणून चालतंय.

ब्रायडीबाईंना नमस्कार सांग.

मावशी


गॉलवेजवळ
४ ऑगस्ट २०२५

प्रिय मावशी,

अजिंक्यचा फोन आला होता. काकांना आंघोळ घालताना तू घसरलीस, डावा हात मोडला, आणि तो येईपर्यंत तासभर ओल्या फरशीवर पडून होतीस. काका शेजारी भिंतीला टेकून उभे होते, नळ चालू होता. तो म्हणाला, दवाखान्यातसुद्धा तू त्या जागेला नाहीच म्हणालीस आणि वर त्याला म्हणालीस, "ऋचाला विचार, तिला माहीत आहे." त्याने मला विचारलं. मला काय माहीत आहे ते मी त्याला सांगू शकले नाही. तुला सांगते.

तो नियम मी बनवला. ब्रायडी तसं काही बोलली नव्हती. कुठे कुणी तसं मानत असेलही, मला ठाऊक नाही. तुझं एप्रिलचं पत्र वाचून मी घाबरले आणि दहा मिनिटांत ते लिहिलं. ब्रायडीकडे गेलेही नव्हते. कारखान्याच्या जेवणघरात बसून लिहिलं.

ब्रायडीने मार्चमध्ये जे सांगितलं होतं ते मी तुझ्यापासून लपवलं. तिच्या वडिलांची एक आत्या होती, नोरा. बाळंतपणानंतर ती बोलेनाशी झाली, मुलाला घेईना. घरच्यांनी ठरवलं, ही नोरा नाही. तिला कडू पाला उकळून पाजला, विस्तवाजवळ धरून "तू कोण" विचारलं, शेवटी थंडीत अंगणात गवतावर ठेवलं, म्हणजे तिची माणसं येऊन तिला नेतील आणि खरी नोरा परत देतील. तिसऱ्या दिवशी ती मेली. आणि त्यानंतर घरचे किती तरी दिवस दार उघडं ठेवून खऱ्या नोराची वाट बघत बसले.

जी मेली ती नोराच होती, मावशी. दुसरी कुणी नव्हतीच.

आणि तुझ्या घरात आहेत ते काकाच आहेत. उन्हात बसवलंस ते त्यांनाच, आणि आंबे कापून दिलेस तेही त्यांनाच. तिकडे कुणी नाही. तिथल्या कुणासाठी तुला मरायची गरज नाही. त्यांना त्या जागी ठेव. अजिंक्यच्या घरी झोप.

हे मी आधी लिहायला हवं होतं. आईच्या शेवटच्या दोन महिन्यांत तिचं सगळं तू केलंस आणि मी इथून फोनवर सूचना देत होते. तेव्हापासून तुला काही खरं सांगायचं म्हटलं की माझी जीभ अडते.

ऋचा


सर्जापूर रोड, अजिंक्यचं घर
२१ ऑगस्ट २०२५

ऋचा,

पत्र मिळालं. तू खोटं बोललीस याचा राग नाही. मीही अजिंक्यला गरम पाणी सांडलं म्हणून सांगितलं.

राग याचा आहे, की ते तुझे काकाच आहेत असं तू लिहिलंस. ते पाहुणे होते तोवर मला जमत होतं. माझ्या नवऱ्याला कुणीतरी नेलं हे मी सहन करू शकत होते. तो माझ्यासमोर बसून मला ओळखत नाही, आणि मी त्याच्याच थोबाडीत मारली, हे मला सहन होत नाही.

काही दिवस उत्तर लिहू नकोस.

शालन मावशी


गॉलवेजवळ
३० ऑगस्ट २०२५

मावशी,

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून दोनच गोष्टी. डिसेंबरचं तिकीट काढलंय, महिनाभर येते.

आणि ब्रायडीकडे जाऊन कबूल केलं, की तिच्या नावावर मी एक खोटी रीत खपवली. तिने आधी काटेरी झाडाकडे बघितलं. म्हणाली, "नोराच्या घरात तेव्हा कुणी असं खोटं बोललं असतं तर बरं झालं असतं."

ऋचा


सर्जापूर रोड
१२ ऑक्टोबर २०२५

चि. ऋचा,

आता लिहिते.

सप्टेंबरच्या आठ तारखेला ह्यांना तिथे नेलं. अजिंक्यच्या घरापासून चालत वीस मिनिटं. पहिल्या रात्री मी चौदा तास झोपले. उठले तेव्हा प्रांजली दाराशी उभी राहून श्वास चालू आहे का बघत होती. आधी वाटलं, बरं वाटतंय, मग बरं वाटल्याची लाज वाटली. अजूनही दोन्ही आलटून पालटून येतं. हाताचं प्लास्टर निघालं, मूठ पूर्ण मिटत नाही.

रोज दुपारी जाते. पहिले काही दिवस आत गेले की ते अस्वस्थ व्हायचे, म्हणून तिथले लोक म्हणाले, थोडे दिवस बाहेरच बसा. खोलीबाहेर बाक आहे, तिथे बसते. ह्यांची व्यवस्था बघणारे बसवंत म्हणून आहेत, निपाणीकडचे, पन्नाशीचे. मराठी चांगलं बोलतात. ह्यांना चहाचे कप विसळायला देतात, म्हणतात, कामात राहिलेले बरे. इकडे आल्यापासून ह्यांनी बाहीत पाय घातलेला नाही असं नाही, पण तो काढायला मी नसते, आणि तो निघतो.

परवा काय झालं ते सांगायला हे पत्र. मी बाकावर होते, दार अर्धं उघडं होतं. आतून ह्यांचा आवाज आला, "बसवंत, बाहेर त्या बाई बसल्यात. त्यांना चहा द्या."

बसवंत म्हणाले, "काका, त्या तुमच्या मिसेस आहेत."

"नव्हेत," हे म्हणाले. अगदी शांतपणे, टूल रूममध्ये एखादा भाग नापास करताना बोलायचे तसं. "माझ्या बायकोला कुणीतरी नेलं. तिच्या जागी ह्या बाईंना आणून ठेवलं. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण बोललो नाही. त्यांचा काय दोष? त्यांनाही कुणीतरी उचलूनच आणलं असणार. घरी होत्या तेव्हा फार केलं हो त्यांनी माझं. एकदा चिडल्या, पण त्या दमल्या होत्या."

मी बाकाची कड धरून बसले.

मग हे म्हणाले, "आमची शालन कुठे असेल कोण जाणे. अशीच कुणाच्या तरी दाराबाहेर बसली असेल. दुपारी चहा नसला तर तिचं डोकं दुखतं. तिला कुणी देत असेल का हो?"

 कप विसळल्याचा आवाज आला. मग दार पूर्ण उघडलं आणि हे स्वतः चहा घेऊन बाहेर आले. बसवंत मागे हात पुढे करून, सांडला तर धरायला. निम्मा बशीत होता. दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "घ्या बाई."

ऋचा, मीच शालन, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. तीन वर्षं तेच सांगत आले, ओरडून सांगितलं, लग्नातला फोटो दाखवून सांगितलं. त्यांचा चेहरा बघितला. ते माझ्या उत्तराची वाट बघत नव्हते, चहा आवडतो की नाही तेवढंच बघत होते. मी बशीतला आधी प्यायले, मग कपातला.

मग म्हटलं, "तुमच्या शालनलाही तिकडे कुणीतरी चहा देत असेल."

"खरंच?" म्हणाले.

म्हटलं, "हो. मला नक्की माहीत आहे."

तुझी
मावशी